देवाला तू, पाळकसाहेबांना तुम्ही

रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या घरात रात्रीची प्रार्थना होते.

त्याचं असं आहे, नगरला आईची कौटुंबिक प्रार्थना साडेसातला. मी शाळेत जायच्या आधीपासून साडेसातलाच, आणि परदेशातल्या नातवंडांसाठी ती वेळ हलवायला आई काही तयार नाही. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे, म्हणजे आमच्याकडे तीन. मार्चअखेरीस घड्याळं पुढे सरकली की चार. आई मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवते आणि डोक्यावर पदर घेते. पडद्यावर अर्धा वेळ तिचं कपाळ आणि मागची ट्यूबलाइट एवढंच दिसतं. इकडे धाकटा सोफ्यावरून उलटा लटकलेला असतो. थोरली मात्र हात जोडून, एक डोळा मिटून. शेवटी आई म्हणते, "प्रभू, आजच्या रात्री आम्हाला सांभाळ," आणि थोरलीचा उघडा डोळा खिडकीकडे जातो. बाहेर चांगला उजेड. "रात्र कुठाय?" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आता सहाची आहे, विचारत नाही. आजीची रात्र दुपारी येते, हे तिने मान्य करून टाकलंय.

आम्ही वुपर्टालला राहतो. हे गाव इथे प्रसिद्ध आहे ते उलट्या रेल्वेसाठी. रूळ वर आणि डबा खाली लोंबकळतोय, नदीच्या डोक्यावरून, 1901 सालापासून. 1950 साली एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू त्या गाडीत बसवलं आणि ते घाबरून खिडकी फोडून खाली नदीत पडलं. वाचलं. आमच्या धाकट्याच्या मते बायबलमध्ये माशाच्या पोटातून वाचलेल्या योनाची गोष्ट आहे तशी टुफीचीही असायला हवी होती, आणि मला त्याचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही.

इथे आल्यावर आधी पत्ता नोंदवायला जावं लागतं. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. नवऱ्याने जरा ताठ बसून 'ख्रिश्चन' असं सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, इव्हँगेलिश की काथोलिश? म्हणजे प्रोटेस्टंट की कॅथलिक? आता आम्ही सीएनआयचे, म्हणजे 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन जी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तिचे. आणि त्याआधी आमचे आजे-पणजे अमेरिकन मराठी मिशनचे. हा सगळा इतिहास नवऱ्याने मोडक्या जर्मनमध्ये सांगायला घेतला. बाईंनी पहिली दोन वाक्यं ऐकली, 'इव्हँगेलिश' म्हणाल्या आणि नोंद करून मोकळ्या झाल्या.

पुढच्या पगाराच्या कागदावर एक नवी ओळ उगवली. चर्चचा कर. उत्पन्नाच्या नाही, आयकराच्या 9 टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. सरकार कापून घेतं आणि चर्चला देतं. आईला फोनवर सांगितलं तर तिने दोन प्रश्न विचारले. "सरकार दशांश कापतं? मग पेटीत काही टाकायचं नाही का?" टाकायचंच असतं. झोळी फिरते ती फिरतेच.

हा कर नको असेल तर मंडळीचं सभासदत्व सोडावं लागतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; आमच्या या राज्यात चर्च सोडायचं तर तीच चढावी लागते. स्थानिक न्यायालयात जाऊन 30 युरो भरायचे आणि सही करायची. पुष्कळ लोक चढतात. 2021 च्या अखेरीस दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळूनही देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झाले. नवऱ्याचा एक सहकारी अगदी सहज, जेवता जेवता म्हणाला, "तुम्ही अजून भरता?" आम्ही भरतो. महिनाअखेरीला त्या ओळीकडे बघून मी कधी कधी चडफडते, हेही खरं.

रविवारी दहाला उपासना. बहुतेक डोकी पांढरी. मागच्या कोपऱ्यात गालिचा घालून लाकडी ठोकळ्यांची टोपली ठेवलेली असते, ती आमच्यासारख्यांसाठी. पापकबुलीची शांतता सुरू झाली की धाकट्याचा मनोरा कोसळतो. दर वेळी तेव्हाच. नगरला मी बाकावर वळवळ केली की आईचा चिमटा यायचा, दंडाच्या आतल्या बाजूला, आणि तिच्या गीताचा ताल तसूभरही चुकायचा नाही. इथे मी हात उचलला की माझाच हात मला परका वाटतो. एकदा ठोकळा घरंगळत पार तिसऱ्या बाकाखाली गेला. एका आजोबांनी गुडघा धरत वाकून तो काढला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि धाकट्याच्या हातात दिला. कोणी मागे वळून पाहिलं नाही. मला मात्र पुढचा सगळा उपदेश ऐकू आला नाही.

पहिल्या गीतानंतर मोठी मुलं शेजारच्या खोलीत जातात. आपल्याकडची शब्बाथशाळाच, फक्त वचन पाठ करण्यापेक्षा रंगकाम जास्त. एका रविवारी प्रभूची प्रार्थना शिकवली आणि 'रोजची भाकर' काढायला सांगितलं. जर्मन प्रार्थनेत तिथे 'ब्रोट' आहे, म्हणजे पाव. बाकीच्यांनी लांबट पाव काढले, वर रेघा मारून. थोरलीने एक गोल काढला आणि त्यावर काळे, करडे डाग.

ते डाग माझ्या शेगडीमुळे. ज्वारीचं पीठ आम्ही डुसेलडॉर्फहून आणतो, पण इथली शेगडी काचेची, जाळ कुठेच नाही. भाकरी तव्यावरून काढून जाळावर टाकायची सोय नसल्यामुळे ती फुगत नाही, नुसती ठिकठिकाणी करपते. माझ्या मुलीच्या मते भाकरी म्हणजे तीच.

शिकवणाऱ्या बाईंना वाटलं चंद्र. "किती सुंदर चंद्र!" म्हणत त्यांनी तो कंदिलांच्या चित्रांशेजारी लावला. भाकरी आणि चंद्र ही जोडी मराठी माणसाला नवी नाही, पण ते त्या बाईंना कुठून कळणार. थोरलीने दुरुस्ती केली नाही. घरी येऊन मला विचारलं, "रोज चंद्र दे असं चालेल का?"

(प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या मंडळीत लहान मुलांनाही भाकर देतात, सोबत द्राक्षाचा रस. माझ्या लहानपणी दृढीकरणाआधी, म्हणजे मोठं होऊन सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली देण्याआधी, त्या मेजाजवळ जायची कोणाची हिंमत नव्हती. हे आईला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही.)

नोव्हेंबरमध्ये मात्र तेच लोक, जे चर्चला येत नाहीत, सगळे रस्त्यावर येतात. 11 तारखेला संत मार्टिनचा सण. मुलांनी बालवाडीत कागदाचे कंदील केलेले असतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला स्वार, आणि गोष्ट अशी की मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. शेवटी मुलांना माणसाच्या आकाराचा गोड पाव मिळतो आणि त्या माणसाच्या छातीवर पांढऱ्या मातीची चिलीम! पहिल्या वर्षी मी ती गुपचूप काढून खिशात घातली होती.

मग आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. घरोघर हिरव्या फांद्यांचं गोल कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक वाढवायची. हे कुठून आलं ते मला नंतर कळलं आणि फार आवडलं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिश विशर्न नावाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? शेवटी 1839 साली त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान. मुलांनी रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. थोडक्यात, एका त्रासलेल्या माणसाने आपला जीव सोडवण्यासाठी काढलेली युक्ती. त्यामुळे धाकटा पहिल्याच रविवारी चारही पेटवायचा हट्ट धरतो तेव्हा मी त्या विशर्नसाहेबांची आठवण काढते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या घरात जर्मनचा वारा लागून थोरलीच्या मराठीत सगळेच 'तू' झालेत. पप्पा तू, आजी तू, शेजारचे आजोबा तू. जर्मनमध्येही 'डू' आणि 'झी' असा भेद आहे, पण लहान मुलांच्या जगात डूच जास्त. गेल्या महिन्यात आईच्या प्रार्थनेला गावाकडचे पाळकसाहेब आले होते. आईने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "जय ख्रिस्त, बाळ." थोरली छान हसली आणि म्हणाली, "जय ख्रिस्त! तू कसा आहेस?"

साहेब हसले. आईचा चेहरा पडद्यावरून नाहीसाच झाला.

मग मी शिकवणी घेतली. मोठ्यांना तुम्ही म्हणायचं. जितका माणूस मोठा, तितका तुम्ही. पोरगी हुशार. त्या रात्री (खऱ्या रात्री, आठ वाजता) ती पलंगावर गुडघे टेकून म्हणाली, "येशू, तुम्ही आज आमच्याबरोबर होतात. तुम्ही आता झोपा."

मला हसू आलं आणि मी घाईने सांगून बसले, "अगं, देवाला तूच म्हणायचं."

तिने डोळे उघडले. "मग पाळकसाहेब देवापेक्षा मोठे आहेत?"

काय सांगणार? मी म्हटलं, आईला कसं आपण तू म्हणतो, जवळची म्हणून, तसं. हे काही मी हवेतून काढलं नव्हतं. विठ्ठलाला माउली म्हणणारी आपली भाषा. त्याच भाषेत ना. वा. टिळकांनी ख्रिस्तालाही माउली म्हटलं, आणि त्यांचीच पदं म्हणत आम्ही मोठे झालो. माउलीला कोणी अहो-जाहो करत नाही. माझं उत्तर मला बरंच चांगलं वाटलं.

"पण प्रार्थनेत तर तो पप्पा आहे," ती म्हणाली. "स्वर्गातला."

"हो."

"तू तुझ्या पप्पांना काय म्हणायचीस?"

तुम्ही. मरेपर्यंत तुम्ही. पप्पा घरात आले की आम्ही भावंडं पाय खाली घ्यायचो. आणि रोज साडेसातला त्यांच्याच शेजारी चटईवर गुडघे टेकून स्वर्गातल्या बापाला बेधडक तू म्हणायचो, तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. तीसेक वर्षं मी ही प्रार्थना म्हणतेय आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. पप्पांनीही कधी मान वर करून पाहिलं नाही. पाहतील कशाला, तेही तूच म्हणत होते, आमच्याइतक्याच लहान आवाजात. त्यांचा तेवढा मऊ आवाज मी एरवी कधी ऐकला नाही.

हे सगळं तिला सांगितलं नाही. झोप आता, एवढंच म्हटलं.

पुढच्या शनिवारी आम्ही आमच्याच शहरातल्या बार्मेनच्या बाजारपेठेत गेलो. तिथल्या गेमार्के चर्चमध्ये 1934 च्या मे महिन्यात, चर्चही आपल्या मुठीत घ्यायला निघालेल्या नाझींना विरोध करणारे प्रोटेस्टंट लोक जमले होते. ख्रिस्ताखेरीज चर्चला दुसरा कोणी स्वामी नाही, असं त्यांनी लिहून जाहीर केलं. त्याची आठवण म्हणून रस्त्यात काशाचं एक शिल्प आहे. एका बाजूला हात पुढे उंचावलेली गर्दी, दुसऱ्या बाजूला पाठ फिरवलेली थोडी माणसं. थोरली त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली. इथल्या शाळेत उत्तर द्यायचं असेल तर मुलं फक्त एक बोट वर करतात. "यांनी सगळा हात का वर केलाय?"

मी म्हटलं, त्यांना एक माणूस फार मोठा वाटत होता.

"पाळकसाहेबांसारखा?"

"नाही गं. पाळकसाहेब चांगले आहेत."

धाकट्याला शू लागली, आणि ते तिथेच राहिलं.

काल आगमनकाळाचा दुसरा रविवार, दोन मेणबत्त्या. तीन वाजता फोन लागला. साखरेचा डबा, कपाळ, ट्यूबलाइट. पाळकसाहेबांना खोकला झालाय, असं आईने सांगितलं आणि आजची प्रार्थना नातीने करावी म्हणाली. थोरलीने दोन्ही डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही ती विचार करतेय हे दिसत होतं, प्रत्येक शब्दाआधी थांबत होती.

"देवा, तू आजीला सांभाळ. तू टुफीला सांभाळलंस." मग मोठा श्वास. "आणि पाळकसाहेबांना सांभाळा."

पडद्यावरचं कपाळ गदगदा हलत होतं. "आमेन," आई कसंबसं म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली, तेवढ्यात डब्यावरून मोबाइल घसरून आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं.