हत्ती उभा राहिला, कासव अजून कागदावर

मंडळी, चिंध्या जोडून शिवलेला माझा कापडी हत्ती पूर्ण झाला. वीतभर उंचीचा आहे आणि कशाचाही टेकू न घेता चारही पायांवर उभा राहतो, याचा मला फार आनंद झालाय. त्याच्या अंगावर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आहेत म्हटलं तरी चालेल, कारण चिंध्या सगळ्या कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडच्या. "न्या ताई, पण पिशवी तेवढी परत आणून द्या," एवढीच त्यांची अट.

चिंध्या घरी आल्या की बहुतेक जण रंगावरून ढीग लावतात. माझं मत आता पक्कं झालंय की ढीग कापडाच्या जाडीवरून लावावेत, रंगाचं नंतर बघावं. गोधडीत हा प्रश्न येत नाही. तिथे थर सपाट असतात आणि धावदोरा सगळ्यांना सारखं धरून ठेवतो. खेळण्यात मात्र आतला कापूस सगळीकडून बाहेर दाबत असतो. पातळ टू-बाय-टूचा (म्हणजे ब्लाउजच्या साध्या कापडाचा) तुकडा कडक खणाशेजारी जोडला, तर पातळ तुकडा फुगतो आणि खण जागचा हलत नाही. मग हत्तीच्या कुशीला टेंगळं येतात. म्हणून टू-बाय-टू आणि जुन्या सुती साडीचे तुकडे मी आधी मांजरपाटावर टाचून घेते, की त्यांची ताकद खणाच्या जवळपास येते. उभा धागाही सगळ्या तुकड्यांचा एकाच दिशेला ठेवायचा. उरेब, म्हणजे तिरका कापलेला, एक तुकडाही भरल्यावर वेगळा ताणला जातो आणि लगेच डोळ्यांत भरतो.

खणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे चिंध्यांत तोच सगळ्यात देखणा. गुळेदगुड्डकडचा हातमागाचा खण असो की यंत्रमागाचा, कडेचे धागे सुटायला लागले की मायेतलं, म्हणजे शिवणीसाठी जादा सोडलेलं, कापड संपेपर्यंत सुटत राहतात. त्यामुळे आधी मागून फ्युजिंग (गरम केल्यावर चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवायचं आणि मगच कात्री लावायची. लाल आणि जांभळ्या खणाचा रंग जातो का, तेही आधीच बघावं. ओला पांढरा रुमाल वर ठेवून इस्त्री दाबली की लगेच कळतं.

ठिगळांचे चौकोन अडीच इंचांचे कापले. चारही बाजूंनी पाव इंच माया गेली की दोन इंचांचा तयार चौकोन उरतो. याहून लहान चौकोन दिसायला गोड असतात, पण शिवणी इतक्या जवळ येतात की वळणावर कापड वळतच नाही. आधी चौकोनांची अखंड चादर जोडायची, प्रत्येक शिवण उघडून इस्त्री करायची, मग त्यावर नमुना ठेवून हत्ती कापायचा. सोंड, शेपूट आणि कानांची आतली बाजू मात्र एकाच कापडाची ठेवली. सोंडेत जोड नकोच.

हत्ती उभा राहतो तो पोटपट्टीमुळे. दोन्ही कुशींचे तुकडे आणि खाली चारही पायांच्या आतल्या बाजू असलेली पट्टी, असा त्याचा सांगाडा. ही पट्टी सपाट एकसंध ठेवली तर भरल्यावर पाय बाहेर फाकतात. ती मधोमध दोन भागांत कापून जोडाला हलका बाक दिला, की पाय आत ओढले जातात आणि सरळ जमिनीवर टेकतात. भरताना आधी पाय. रेक्रॉनचे (कृत्रिम कापसाचे) अगदी बोराएवढे पुंजके घेऊन तळव्यापासून ठासत यायचं, पोट सगळ्यात शेवटी. सावरीचा कापूस उशीला उत्तम, पण इथे तो निसटतो आणि पाय मऊ पडतात.

सोंड उलटवणं हा खरा कसाचा भाग. टाका बारीक, दोन मिलिमीटरच्या आत. वळणाच्या आतल्या बाजूला टिपेच्या अगदी जवळपर्यंत काप द्यायचे, टिपेला धक्का न लावता. मग लस्सीची जाड नळी सोंडेच्या आत टोकापर्यंत सारायची आणि बाहेरून विणायच्या सुईच्या बोथट बाजूने सोंडेचं टोक त्या नळीत ढकलायचं. कापड नळीतून आपोआप पुढे सरकत जातं आणि सोंड सुरकुती न पडता उलटते.

कापडी प्राण्यांच्या इतिहासात हत्तीला मानाची जागा आहे, हे शिवताना सारखं मनात होतं. जर्मनीत मार्गारेट श्टाइफ यांनी १८८०च्या सुमारास छोटे हत्ती शिवले ते टाचण्या खोचायच्या उशा म्हणून, आणि मुलांनी ते खेळायला पळवले. पुढे त्यातूनच खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे पाय लुळे होते आणि उजव्या हातातही जोर कमी होता. हे ठाऊक असल्यावर आपल्या टाक्यांकडे बघायची नजर बदलते.

डोळे भरतकामाचे केले, बटणांचे नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात बटण, मणी काही देऊ नये. विकणार का, असं दोघीतिघींनी विचारलं. सध्या फक्त घरच्यांसाठी. विक्रीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ज्यांना विकायचंय त्यांनी आधी नियम नीट बघून घ्यावेत.

उरलेल्या चादरीचे पाऊच झाले. चेन रविवार पेठेतून मीटरवर घेतली, तीन नंबरची, रनर (चेन उघडायचे सरकते खटके) सुटे. या मापाच्या पाऊचला पाच नंबर जड पडते. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून एक इंचाचा चौकोन कापला की दोन इंचांची बैठक मिळते आणि पाऊच टेबलावर उभा राहतो. अस्तराला जुन्या सुती साडीचा पदर लावलाय, हाताला फार छान लागतो.

आता कासव. पाठीला षटकोन, आणि ते हाताने. लग्नपत्रिकांचा जाड कागद याला अगदी योग्य, कडा धारदार येतात. एक इंच बाजूचा षटकोन कापायचा, कापड त्यावर दुमडून टाचायचं, दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन कडेकडेने बारीक टाक्यांनी जोडायचे आणि सगळीकडून जोडून झाला की मगच त्यातला कागद काढायचा. मधला एक आणि भोवती सहा, असे सात जोडून झालेत. एवढ्यात पाठ साधारण तेरा सेंटिमीटर रुंद होते. बाहेर आणखी बारांचं कडं घातलं तर एकोणीस होतील आणि कासव मांडीवर घ्यायच्या मापाचं होईल. माझा कल त्याकडेच आहे.

बाहेरच्या कड्यासाठी इरकलीच्या काठाचे हिरवे तुकडे हवेत, बारीक चौकडीचे असतील तर फारच उत्तम. कुणाकडे पडून असतील तर सांगा. बदल्यात मोरपिशी खणाचा मोठा ढीग आहे माझ्याकडे.