मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर: आधी नळ्या, मग स्क्रू

टर्बो इंजिनावरचा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर स्वतः बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, तयार करत नाही; वेस्टगेटकडे (एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणारी झडप) जाणारा दाब अडवून धरतो. टर्बोच्या कॉम्प्रेसरवरून निघालेली बारीक नळी ॲक्च्युएटरला (वेस्टगेट उघडणारा स्प्रिंगचा डबा) जाते. तिथला दाब स्प्रिंगवर भारी पडला की दांडा सरकतो, वेस्टगेट उघडते आणि बूस्ट वाढायचा थांबतो. कंट्रोलर या नळीच्या मधोमध बसतो. त्यामुळे ॲक्च्युएटरची स्प्रिंग 7 पीएसआयची (साधारण अर्धा बार) असेल, तर कंट्रोलरचा स्क्रू कितीही सैल केला तरी बूस्ट त्याखाली येणार नाही.

ब्लीड प्रकारचा कंट्रोलर थोडी हवा बाहेर सोडतो. ॲक्च्युएटरला कमी का होईना, पण सुरुवातीपासून दाब मिळत राहतो, वेस्टगेट आधीच किलकिले होते आणि बूस्ट रेंगाळत चढतो. बॉल-स्प्रिंगमध्ये ठरलेला दाब येईपर्यंत गोळी वाट बंद ठेवते, म्हणून बूस्ट झटकन येतो. घ्यायचा तर हाच घ्यावा. मात्र ॲक्च्युएटरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे ब्लीड भोक आहे ना, ते बघा. ते नसेल तर थ्रॉटल सोडल्यावर नळीत दाब अडकून राहतो, वेस्टगेट वेळेवर मिटत नाही आणि गिअर बदलल्यावर गाडी मरगळते.

खरी काळजी जोडणीत. दाब कॉम्प्रेसर हाउसिंगवरून, म्हणजे थ्रॉटलच्या आधी घ्या. बूस्ट गेजची नळी मात्र थ्रॉटलनंतर, इंटेक मॅनिफोल्डवरून. कंट्रोलरवरचा बाण ॲक्च्युएटरकडे हवा. उलटा बसवला तर येणारा दाबच गोळी घट्ट दाबून धरतो, वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट सुसाट सुटतो. ॲक्च्युएटरची नळी निसटली किंवा वितळली तरी हेच होते. म्हणून सिलिकॉनची नळी, शक्य तितकी आखूड, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब आणि प्रत्येक टोकाला क्लॅम्प. गाडीत बूस्ट सोलेनॉइड (बूस्ट सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) असेल तर त्याच्या नळ्या काढा, पण वायरचा प्लग जोडलेलाच ठेवा. नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागेल.

आता स्क्रू. पूर्ण सैल करून सुरुवात करा. इंजिन नीट गरम झाले की डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये 2500 आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या-दुसऱ्यात लोड कमी असतो, तिथे सेट केलेला बूस्ट वरच्या गिअरमध्ये जास्त निघतो. मग अर्धा फेरा आवळा, पुन्हा धाव, पुन्हा गेज. एका वेळी 1 पीएसआयपेक्षा जास्त वाढ नको. हवा तो आकडा मिळाला की लॉकनट घट्ट करा आणि आणखी एकदा तपासा, कारण नट आवळताना स्क्रू हलतो.

नजर फक्त बूस्टवर ठेवू नका. हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड गेजशिवाय हे काम हातात घेणे म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणे. पेट्रोल इंजिनात पूर्ण बूस्टवर हे प्रमाण (एअर-फ्युएल रेशो) 11.5 ते 12 च्या आसपास हवा. ते 12.5 च्या वर सरकू लागले, म्हणजे इंधन कमी पडू लागले, किंवा नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू आले की लगेच थ्रॉटल सोडा आणि स्क्रू मागे घ्या. इंधनाचे इंजेक्टर आणि पंप पुरे पडत नसतील तर जास्त बूस्ट पिस्टन वितळवतो. जोर लावताना इंजिन अडखळत असेल तर स्पार्क प्लगचा गॅप 0.7 मिमीपर्यंत कमी करून बघा. झटका बसून इंजिनचा जोर एकदम तुटत असेल, तर तो बहुधा ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) फ्युएल कट, म्हणजे इंधन तोडणे, असतो. त्याला चुकवण्याच्या फंदात न पडता ट्यूनिंग करून घ्या.

काटा क्षणभर वर उसळून खाली स्थिरावला, तर तो स्पाइक; नळी आखूड करा, स्क्रू थोडा सैल करा. आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहिला, तर तो क्रीप: वेस्टगेटचे भोक अपुरे आहे, तिथे स्क्रू कामाचा नाही. वरच्या आरपीएमला बूस्ट घसरत असेल तर एक्झॉस्टचा दाब झडप ढकलून उघडतोय; त्याला जास्त ताकदीची ॲक्च्युएटर स्प्रिंग लागते.

टॉर्क मोजून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल चालवणाऱ्या नव्या गाड्यांत याच्या वाटेला जाऊ नका. जास्त बूस्ट दिसला की ईसीयू स्वतःच थ्रॉटल मिटतो. बाकी गाड्यांत थंडी पडली की एक धाव पुन्हा घ्या. हवा दाट असते, आणि उन्हाळ्यात जेमतेम पुरलेले इंधन तेव्हा कमी पडू शकते.