बाळंतपणासाठी मेलबर्नला निघताय? डबे भरण्याआधी हे वाचा

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मेलबर्नला आलोय. कोथरूडहून टॅक्सीने मुंबई, मग सिंगापूरला विमान बदलून इथे. प्रवास छान झाला. लिहायचंय ते सामानाबद्दल, कारण मी जे भरलं होतं तेच आपल्याकडची प्रत्येक आई भरते.

रविवार पेठेतून आणलेले धणे, जिरे, बडीशेप. मावळातला इंद्रायणी तांदूळ. तूरडाळ, मूगडाळ, ब्याडगी मिरच्या. घरी कढवलेलं तूप आणि डिंकाचे पन्नास लाडू. निघायच्या चार दिवस आधी लेकीने फोनवर यादी ऐकली आणि म्हणाली, "आई, यातलं बहुतेक आता चालत नाही."

ऑक्टोबर 2020 पासून ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या आणायला बंदी घातली आहे. कारण खपरा भुंगा. हा कीटक मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याची केसाळ अळी फटीत दडून खाण्याशिवाय वर्षानुवर्षं जगते आणि साठवलेलं धान्य खाण्याजोगं ठेवत नाही. ऑस्ट्रेलियात तो अजून रुजलेला नाही आणि गहू ही त्यांची मोठी निर्यात. कणगीला कीड लागली की काय होतं हे मी माहेरी पाहिलंय, त्यामुळे मला हा नियम अगदी पटला.

डाळ-तांदूळ काढून ठेवले. लाडू आणि तूप मात्र ठेवले, विचारून बघू म्हणून. आणि सासूबाईंनी बांधून दिलेली धण्यांची पुरचुंडी साड्यांच्या घडीत तशीच राहिली.

विमानात एक कार्ड भरायला देतात. ओळखीच्या एका गृहस्थांनी पुण्यातच सल्ला दिला होता, "सगळीकडे 'नाही'वर खूण करा, कोणी उघडून बघत नाही." कृपा करून असं करू नका. खाण्याची वस्तू जवळ असेल तर 'हो' लिहा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती जाते, एवढंच. लपवलेली सापडली तर जागेवर दंड होतो, तोही काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि 2019 पासून अशा कारणावरून पर्यटक व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आम्ही 'हो' लिहिलं, म्हणून वेगळ्या रांगेत गेलो. पुरचुंडी दिसताच मीच ती पुढे केली. तिथल्या बाईंनी गाठ सोडून धणे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले, बोटाने पसरले, बॅटरी धरून पाहिलं आणि मान हलवली. लाडवात काय काय आहे विचारलं. तूप म्हटल्यावर लाडूही गेले, बरणीही गेली. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, त्यांच्याकडे नाही, म्हणून दुधाच्या पदार्थांबाबत ते फार कडक आहेत. पेढे-बर्फीचा तर विचारच सोडा. बाकरवडी आणि पोह्यांचा चिवडा कंपनीच्या बंद पाकिटात होता, वरची घटकांची यादी वाचून दोन्ही परत दिले. दंड एक पैसाही नाही. पण पन्नास लाडू डोळ्यांदेखत जाताना जीव तुटला.

ह्यांचे सिंहगडावर जायचे बूट काढून पाहिले. तळव्यात माती अडकलेली. ते आत नेऊन धुऊन आणून दिले. तुम्ही घरीच ब्रशने खरवडून घ्या. गेल्या तीस दिवसांत शेतात, गोठ्यात किंवा रानात गेला होतात का, हाही प्रश्न कार्डावर असतो. गावी जाऊन आला असाल तर खरं लिहा.

औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्या आणि औषधंही कार्डावर दाखवा. तीन महिन्यांपुरतीच आणता येतात.

बाळंतिणीच्या खाण्याची काळजी मात्र करू नका. डँडेनॉंगमध्ये फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या लोकांची दुकानंच दुकानं आहेत. तिथला माल तपासणीचे कागद घेऊनच देशात आलेला असतो. मला तूरडाळ, धणे, खारीक, खोबरं, डिंक सगळं एका फेरीत मिळालं. तूप इथल्याच लोण्याचं कढवलं, घरभर वास सुटला. परवा लाडू वळले. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, डिंक नीट फुलला होता ना?