बँकॉकमध्ये पाणी तीन वाटांनी येतं

सप्टेंबर लागला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर पुराचे व्हिडिओ फिरायला लागतात. त्यातले निम्मे जुने असतात आणि उरलेल्या निम्म्यांत पाणी कुठलं हे कोणी सांगत नाही. बँकॉकमध्ये पाणी आभाळातून येतं, खाडीच्या भरतीने येतं आणि उत्तरेकडून चाओ फ्राया नदीने येतं. पहिलं काही तासांत ओसरतं, दुसरं घड्याळ लावून येतं-जातं, तिसरं आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं. बाजारहाट, बँक, इमिग्रेशन, विमानतळ ही सगळी कामं कुठल्या पाण्यात करायची हे एवढ्यावरून ठरतं.

आधी पाऊस. शहर समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच आहे आणि गटारांची क्षमता साधारण तासाला ६० मिलिमीटर धरलेली आहे. त्यापेक्षा जोराची सर आली की पाणी रस्त्यावर थांबतं आणि पंपांनी कालव्यांत ओढून घेईपर्यंत तिथेच राहतं. ढग बहुतेकदा दुपारनंतर जमतात आणि ऑफिसं सुटायच्या वेळेला फुटतात. त्यामुळे बाहेरची कामं दुपारी दोनच्या आत उरकावीत. महानगरपालिकेचे पावसाचे रडार नोंग चोक आणि नोंग खेम इथे आहेत, त्यांचं चित्र वेबसाइटवर फुकट दिसतं. लाल पट्टा तुमच्या बाजूला सरकताना दिसला तर मॉलमध्येच कॉफी मागवा. पावसात टॅक्सीवाले लांबचं भाडं नाकारतात आणि ॲपवरचे दर चढतात, तेव्हा दोन तास थांबणं स्वस्त पडतं.

गोची होते ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला. मुख्य रस्ते वेळोवेळी उंच केले गेले, आतल्या सोई, म्हणजे गल्ल्या, मात्र खालीच राहिल्या. सुखुमवितवर रस्ता नुसता ओला असतो आणि सोईत शिरलं की पाणी गुडघ्याला लागतं. सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले मोटारसायकल-टॅक्सीवाले उभे असतात, आत किती पाणी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ते जायला तयार नसतील तर तुम्हीही जाऊ नका. चालायचंच असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घाला, साधी चप्पल पाणी ओढून नेतं. गटारांची झाकणं बहुधा फुटपाथच्या कडेला असतात आणि पावसात सरकतात, म्हणून गाड्या नसतील तिथे रस्त्याच्या मधून चाला. विजेचे खांब, लोखंडी शटर, नाणी टाकायची पाण्याची मशिन यांना हात लावू नका. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. लेप्टो आपल्याला मुंबईमुळे माहीत आहे, तोच इथेही आहे. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पुराच्या पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरला आपणहून सांगा. घरात साप शिरला तर १९९ ला फोन करा, अग्निशमनवाले येऊन घेऊन जातात.

भरतीचं पाणी त्यामानाने शहाणं. ऑक्टोबर ते डिसेंबरात भरती सर्वांत उंच असते आणि नौदलाचं जलविज्ञान खातं तिच्या वेळा जाहीर करतं. चारोएन क्रुंगच्या नदीकडच्या गल्ल्या किंवा समुत प्राकानला जायचं असेल तर ती वेळ टाळून जा, बस्स. हे पाणी खारट असतं. गाडी त्यातून गेलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. तूरडाळ, पोहे, मसाल्यांसाठी पाहुरातच्या बाजारात जाणाऱ्यांनी बोटीच्या नादी न लागता एमआरटी मेट्रोने साम योत स्टेशन गाठावं.

तिसरं पाणी मात्र गंभीर. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना हे समजवायला नको: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तसे इथे नाखोन सावन, चाई नातचं चाओ फ्राया धरण आणि अयुथयाजवळचं बांग साई हे तीन आकडे रोज बघायचे असतात. फक्त ते सेकंदाला घनमीटरमध्ये असतात. क्युसेकची सवय असेल तर पस्तीसने गुणा, २,५०० म्हणजे साधारण ८८ हजार क्युसेक. बांग साईचा आकडा २,५०० ला पोचायला लागला की लांबणीवर टाकलेली सगळी कामं त्याच आठवड्यात संपवावीत. २०११ च्या महापुरात नळाचं पाणी ज्या कालव्यातून येतं त्यातच पुराचं पाणी शिरलं आणि दुकानांतून बाटल्या गायब झाल्या. माणशी दिवसाला तीन लिटर धरून दोन आठवड्यांचं पाणी साठवा. तळमजल्यावर राहत असाल तर संडास आणि मोरीच्या तोंडाला बूच हवं, कारण पाणी दारातून यायच्या आधी तिथून वर येतं.

आता इमिग्रेशन. इथे राहणाऱ्या परदेशी माणसाला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. या नोंदीची तारीख पूर बघून पुढे जाईल अशी आशा धरू नका, उशिराचा दंड २,००० बाट आहे. प्रत्यक्ष जाऊन ही नोंद देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येते. ऑनलाइन खिडकी त्याहून लहान: १५ दिवस आधी उघडते आणि ७ दिवस आधी बंद होते. पहिली नोंद प्रत्यक्षच करावी लागते, पासपोर्ट बदलला तरीही. म्हणून ज्यांची पहिली नोंद ऑक्टोबरात पडते त्यांनी खिडकी उघडताच सकाळी जाऊन यावं. इमिग्रेशनचं ऑफिस जिथे आहे तो चेंग वत्थना रस्ता पावसात तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहे. बीटीएस या उन्नत रेल्वेने वाट फ्रा श्री महाथात स्टेशन आणि तिथून पिंक लाइन धरली की रस्त्याशी संबंध फक्त शेवटच्या टप्प्यात येतो. नोंदीचा टीएम ४७ फॉर्म, पासपोर्ट आणि झेरॉक्स झिपच्या पिशवीत ठेवा. दिवाळीला भारतात जाणार असाल तर परतल्यावर नव्वद दिवस नव्याने मोजले जातात. पण मुदतवाढ मिळालेला व्हिसा असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट हवंच: एका वेळचं १,०००, अनेक वेळांचं ३,८०० बाट. ते सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं. फोटो आणि रोख बाट बरोबर ठेवा, वेळ हातात ठेवा.

विमानतळाला जाताना टॅक्सीवर विसंबू नये. फाया थाईहून सुटणारी एअरपोर्ट रेल लिंक उन्नत मार्गावर आहे, अर्ध्या तासाच्या आत सुवर्णभूमीला पोचवते आणि भाडं ४५ बाटच्या पुढे जात नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळी तिकडेच मुक्कामाला जाणं उत्तम, कारण ही गाडी रात्रभर चालत नाही. डॉन म्युआंग या दुसऱ्या विमानतळासाठी रेड लाइन रेल्वे आहे. २०११ च्या ऑक्टोबरात डॉन म्युआंग पाण्याखाली गेला तो थेट मार्च २०१२ मध्ये उघडला, सुवर्णभूमी मात्र चालू राहिला. नदीचे आकडे वाईट दिसत असतील तर तिकीट काढताना हे ध्यानात असू द्या.

गाडीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. पुलाखालची यू-टर्नची जागा सर्वांत आधी भरते, तिथे उतरू नका. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिनाएवढा होतो. गाडी ढकलून उंचावर न्या, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. पुराचं नुकसान साधारणपणे पहिल्या वर्गाच्या विम्यात धरलेलं असतं. स्वस्तातल्या टू-प्लस, थ्री-प्लस वर्गांत बहुतेकदा नसतं, तेव्हा पॉलिसी सप्टेंबरआधीच वाचून काढा आणि बेसमेंटमधली गाडी तिसऱ्या मजल्यावर हलवा.