पेपरातल्या याद्या

मैत्रिणीच्या नवऱ्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात होते, त्यांचं नाव शोधायला आज सकाळपासून १९१६ चे जुने पेपर स्कॅनमध्ये वाचत बसले होते. त्यात ठार, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या छापलेल्या असतात: बारीक टायपात रेजिमेंटप्रमाणे कॉलमच्या कॉलम नावं, आडनाव, नंबर, आद्याक्षर आणि कंसात गाव, बस्स. ते गाव बऱ्याचदा जवळच्या नातेवाइकाचं असतं, जन्मगाव धरून चालू नका. आणि तारीखही फसवी, फ्रान्समधली सॉमची लढाई १ जुलैला सुरू झाली पण तिथली नावं कित्येक आठवडे छापून येत होती, म्हणून पुढचे दोन-तीन महिने तरी चाळायलाच हवेत.

जखमींच्या याद्या मात्र अजिबात सोडू नका! सप्टेंबर १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सर्व्हिस रेकॉर्डपैकी निम्म्याहून जास्त जळून गेलं, त्यामुळे वाचून घरी आलेल्या माणसाच्या जखमेचा पुरावा कधीकधी पेपरातल्या त्या एका ओळीतच उरलाय.

'आधी बेपत्ता, आता ठार' असं वेगळं हेडिंग असतं, ते वाचताना फार त्रास झाला, मधल्या काळात घरच्यांनी रोज पेपर कसा उघडला असेल. पणजोबा अजून सापडले नाहीत, उद्या ऑगस्टचे अंक बघते.