शेवरोले पिकअपची टीव्ही केबल

जनरल मोटर्सच्या ऐंशीच्या दशकातील शेवरोले पिकअपमध्ये बसवलेल्या ७००आर४ या चार गिअरांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी एक गैरसमज अजूनही टिकून आहे. थ्रॉटलपासून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून, गिअरबॉक्सपर्यंत गेलेली केबल केवळ किकडाउनसाठी, म्हणजे ओव्हरटेक करताना खालचा गिअर पडावा यासाठी असते, असे अनेक जण धरून चालतात. आधीच्या टीएच३५० या गिअरबॉक्समध्ये ते खरेच होते, कारण तिथे इंजिनावरचा भार मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवर चालणाऱ्या मॉड्युलेटरमुळे कळत असे. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ मध्ये मॉड्युलेटर राहिला नाही आणि ते कामही या थ्रॉटल व्हॉल्व्हच्या, म्हणजेच टीव्ही केबलवर आले.

गिअर बदलणाऱ्या शिफ्ट व्हॉल्व्हला एका बाजूने गव्हर्नरकडून येणारा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब रेटत असतो, तर दुसऱ्या बाजूने स्प्रिंग आणि थ्रॉटल जितका उघडेल तितका वाढणारा टीव्ही दाब त्याला अडवून धरतो. गव्हर्नर वरचढ ठरला की वरचा गिअर पडतो. म्हणूनच हलक्या पायाने चालवताना गिअर लवकर बदलतात आणि ट्रेलर ओढत चढ चढताना उशिरा. परंतु माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, क्लचच्या प्लेटा आवळून धरणारा मुख्य दाबही याच टीव्ही दाबावरून ठरतो. केबल सैल राहिली तर गिअर लवकर आणि अगदी मऊपणे बदलतात, मालकाला गिअरबॉक्स छान वाटतो, आणि आत मात्र पुरेशा दाबाअभावी तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच घसरून जळत असतो. त्यामुळे गिअर किती मऊ पडतो हे पाहून केबल जुळवणे मला साफ नामंजूर आहे.

मूळ केबलची जुळवणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून केबलवरची कळ दाबायची, सरकता भाग थ्रॉटलच्या उलट दिशेला टेकेपर्यंत मागे न्यायचा, कळ सोडायची आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने पूर्ण उघडायचा. सरकता भाग कटकट आवाज करत आपल्या जागी येतो. बाजारातला वेगळा कार्बोरेटर बसवला असेल, तर केबल जिथे अडकते तो बिंदू आणि लिव्हरची त्रिज्या मूळच्यासारखीच हवी. नाहीतर पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलला केबल बरोबर असूनही मधल्या स्थितींत दाब कमीच राहतो. अशा वेळी प्रेशर गेज लावून खात्री केल्याशिवाय गाडीला ट्रेलर जोडू नये.

पुढे १९९३ पासून ट्रकमध्ये आलेल्या ४एल६०-ई या गिअरबॉक्समध्ये ही केबल गेली आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर आला. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा हा सेन्सर थ्रॉटल बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चार व्होल्टच्या वर संकेत देतो, आणि त्यावरून व वेगावरून संगणक गिअर आणि दाब दोन्ही ठरवतो. सेन्सरची आतली पट्टी झिजली की हा संकेत मध्येच उड्या मारतो आणि एकसारख्या वेगातही गिअर वर-खाली होत राहतात. म्हणून असा गिअरबॉक्स खोलण्याआधी मल्टिमीटर लावून, थ्रॉटल हळूहळू उघडत, व्होल्टेज सलग चढते का ते पाहावे.