यूए १३+ म्हणजे बंदी नाही : गेटवर गेलेला अर्धा तास

माझी मुलगी ११ वर्षांची, भाचा १२ चा. दोघंही फुटबॉल खेळतात, म्हणून फुटबॉलवरचा विनोदी सिनेमा दाखवायचं ठरलं. सेन्सॉर बोर्डाने त्याला 'यूए १३+' प्रमाणपत्र दिलेलं, म्हणजे १३ च्या खालच्या मुलांना दाखवायचा की नाही हे आईबापांनी ठरवायचं. तिकिटं मोबाइलवर काढली, मेट्रोने सीताबर्डीला उतरलो.

अडलं ते गेटवर. तिथल्या भाऊंनी पोट्ट्यांकडे पाहून हात आडवा केला. "यूए तेरा प्लस आहे. आधार दाखवा." म्हटलं, तेराची नाहीत, पण मी आई आहे, सोबत बसणार आहे. "नाही जमत मॅडम, वरून सांगितलं आहे." मॅनेजर दहा मिनिटांनी आले, त्यांचंही तेच. तेव्हा मीच उभ्या उभ्या त्यांना सांगायला लागले: बंदी फक्त 'ए'ला, १८ च्या खालच्यांना. यूए १९८३ पासून आहे. तेव्हाही १२ खालच्या मुलांसाठी पालकांनी विचार करावा एवढंच होतं. सेन्सॉरच्या २०२४ च्या नियमांनी त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, तेही आईबापांना ठरवायला सोपं जावं म्हणून. ठरवायचं मी, तुम्ही नाही! शेवटी त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि "जाऊ द्या" म्हणाले. चूक झाली, हे मात्र म्हणाले नाहीत. आत गेलो तर पहिली मॅच संपलेली, भाचा रडवेला. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

नियमाचं पान आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आत नेटवर्क मिळत नाही.

सिनेमात दोन-चार शिव्या होत्या, दारूचा एक प्रसंग होता. मुलांनी ते मनावरही घेतलं नाही. मला लागलं ते वेगळंच. जाड्या गोलकीपरवर अर्धा सिनेमा हशा. माझी लेक गोलकीपर आहे, अंगाने भरलेली. तिने पॉपकॉर्नचा डबा पोटाशी धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. ओटीटीवर २०२१ पासून वयाच्या आकड्यासोबत भाषा, हिंसा वगैरे लिहिलेलं असतं, १३+ पासून लॉकही लावता येतो. पण कुणाला हसलं जातं, हे तिथेही कळत नाही. म्हणून आधी बघून आलेल्यांना शिव्यांबद्दल नका विचारू, हे विचारा.

दुसऱ्या दिवशी रेशीमबागेत सरावाला जाताना ती म्हणाली, "आई, मी डिफेन्सला खेळू का?" मी तिच्या सरांशी बोलले. पुढचा सिनेमा आधी मी एकटी बघणार आहे.